खांबाचा वाटा

खिडकीच्या काचेवरून पाणी सारखं ओघळत होतं, तरी केरूची बोटं तिला स्वच्छ दिसली. यार्डातल्या पत्र्याखाली तो उभा होता. एका हातात कॉम्प्युटरमधून निघालेला, कडेनं भोकं असलेला लांब कागद, आणि दुसरा हात वर. अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून त्यानं चिमूट धरल्यासारखं केलं. ती चिमूट हवेत आधी डावीकडे नेली, मग उजवीकडे. म्हणजे, वाटा काढू ना? वर्षानुवर्षं त्या दोघांत हीच खूण चालत आली होती. गुणवंतीनं ती पाहिली आणि तिची मान खाली गेली. पुढ्यात पेन्सिल होती. आषाढीपासून सकाळचं मौन धरल्यावर जवळ बाळगलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. कालच्याच चिठ्ठीवर तिनं 'रंगाचा डबा उघडा राहिलाय' एवढं लिहून शिपायाच्या हातावर ठेवलं होतं. आज हात मांडीवर पडून राहिला, जसा काही दुसऱ्या कुणाचा हात तिच्याकडे ठेवायला दिला होता. तिनं मान वर केली तेव्हा केरू पाठमोरा होऊन लोखंडी तुळईवर वाकला होता. त्याचा खडू टेपवरच्या आकड्यापाशी गेला, थांबला, आणि तिथून सवयीनं मागे सरला. तेवढंच झालं. खडू चार बोटं मागे.

वाटा काढायचा नव्हता. हे त्या अख्ख्या कारखान्यात तिला एकटीला ठाऊक होतं.

शेडी उभ्या करायच्या, जेट्टीचे सांगाडे बांधायचे, म्हणजे खांब आले आणि खांबांना जोडणाऱ्या तुळया आल्या. नकाशावर तुळईची रेघ एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्या खांबाच्या मध्यापर्यंत जाते. पण खरी तुळई काही खांबाच्या पोटात शिरत नाही, ती खांबाच्या अंगाला टेकते. तेव्हा दोन्ही टोकांना खांबाच्या जाडीतलं अर्धं अर्धं कमी करायला हवं. ते कमी करायचं काम या कारखान्यात कधी कागदावर झालंच नाही. गुणवंती नव्यानं लागली तेव्हाचा नकाशे काढणारा म्हातारा मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी यादीत लिहायचा, आणि पुढचं यार्ड बघून घ्यायचं. तिनंही तेच चालू ठेवलं. केरूनं तिला पहिल्याच महिन्यात सांगितलेलं, "बाय, शेतात राखणदार देवाचा वाटा काढल्याबिगर आपण घास घेतो काय? तसा ह्यो खांबाचा वाटा. तू लिव, मी काढतो." तिला ते फार आवडलं होतं. सकाळी देवापुढे नाम घ्यावं तशा त्या लांब्या ती मनात म्हणायची, एकेका तुळईला एकेक मणी, आणि सुबक तिरक्या अक्षरात उतरवायची. यादी पुरी झाली की वाटायचं, आता एवढं लोखंड आपल्या तोंडून गेलंय, ते पडायचं नाही. दोनदा गर्भ टिकला नव्हता, धनी मुंबईला गोदीत, वर्षातून गणपतीला यायचे आणि गौरीबरोबर जायचे. पण जयगडपासून पावसपर्यंत किनाऱ्यावर जागोजाग तिच्या लांब्या उभ्या होत्या. एसटीतून जाताना एखादी शेड दिसली की ती पदर सारखा करायची, माहेरचं माणूस दिसल्यासारखा.

आणि मग ते आलं, ते कॉम्प्युटरचं मशीन. मुंबईहून ट्रकनं, गवतात गुंडाळून. त्याच्यासाठी आतली खोली रंगवली, थंड हवेचं यंत्र बसवलं, बाहेर चपला काढायची पाटी लावली. ज्या दिवशी ते सुरू केलं त्या दिवशी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि मालक आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, ओवाळा तुम्ही. नवी सून घरात घ्यायची ती थोरल्या बाईनंच." माणसं हसली. गुणवंतीही हसली आणि तिनं ओवाळलं. निरांजनाची ज्योत त्या काळ्या काचेत दिसत होती आणि ज्योतीमागे तिचं स्वतःचं तोंड, हनुवटीकडून उजळलेलं, ओळख न पटणारं. काचेसमोरच्या खुर्चीवर हिरा बसली होती. तिच्या नणंदेची मुलगी. आयटीआयचा कोर्स करून घरी बसलेली, गुणवंतीनंच शब्द टाकून कामाला लावलेली, तिच्याच घरी जेवणारी, तिच्याच उशीला उशी लावून निजणारी. आप्पा म्हणाले होते, "मशीनला कोवळी बोटं लागतात, बाई. तुमची आता जपमाळेला बरी." हिरानं बटण दाबलं. हिरव्या रेघांची शेड अंधारात उभी राहिली. एका रेघेवर तिनं ती लुकलुकणारी फुली नेऊन ठेवली, आणि बाजूच्या रकान्यात त्या तुळईची लांबी आपली आपण येऊन बसली. मग दुसरी. मग भराभर सगळ्याच. मशीनबरोबर आलेल्या मुंबईच्या माणसानं एक खांब जाड करून दाखवला, आणि यादीतली तुळई कुणी हात न लावता आखूड झाली. "खांबाची जाडी हा स्वतःच वजा करतो," तो म्हणाला. "तुमच्या माणसांनी फक्त वाचायचं आणि कापायचं." हिरा मान डोलावत होती. यार्डात ती कधी गेली नव्हती, कशातून काय वजा होतं ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं. केरू आणि यार्डातली माणसं प्रसाद घेऊन कामाला परतली होती, आप्पा दाराशी रिक्षावाल्याशी घासाघीस करत होते. ते वाक्य ऐकलं असं ऐकलं ते एका गुणवंतीनं, हातात ओवाळणीचं ताट घेऊन.

त्या रात्री हिरा मायेनं म्हणाली होती, "मामी, बरं झालं ना? आता तुम्हांला डोळे फोडून लिहायला नको." आणि गुणवंतीच्या जिभेवर एक शब्द आला. तो इतका ओंगळ होता, इतका तयार होता, की तो आपल्यात कधीपासून वस्तीला होता या विचारानं तिनं पदर तोंडाशी दाबला. दुसऱ्या दिवशी एकादशी. तिनं संकल्प सोडला: कार्तिकीपर्यंत रोज उठल्यापासून दुपारच्या जेवणाच्या भोंग्यापर्यंत मौन. भोंगा झाला की पहिला शब्द 'नारायण', मगच बाकीचं बोलणं. सांगतेला देवळात घंटा द्यायची. शेजारणींना वाटलं धन्यांच्या प्रकृतीसाठी. तिनं वाटू दिलं. जीभ बांधली म्हणजे तो शब्द आतल्या आत उपाशी मरेल असं तिला वाटलं होतं. पण बांधलेल्या तोंडाआड तो पोसला जात होता, हे तिला आता, खिडकीशी, केरूच्या पाठीकडे बघताना पहिल्यांदा नीट कळलं. आणि कळूनही काही हललं नाही.

हिरा खोलीतून बाहेर आली. थंडीनं तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. ही तिची पहिली खरी यादी. जयगडला बर्फाच्या कारखान्याची शेड, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जायच्या आत उभी करायची. "मामी," ती कुजबुजली, "केरूभाऊंना सगळं समजलं असेल ना हो? काही सांगायचं राहिलं नाही ना?" गुणवंतीनं तिच्याकडे पाहिलं. किती विश्वासानं तोंड वर केलं होतं पोरीनं, घास मागणाऱ्या पाखरासारखं. गुणवंतीनं डोळे मिटले, भिंतीवरच्या विठोबाच्या तसबिरीकडे हात जोडले. हिराला वाटलं मामीनं आशीर्वाद दिला. तीही हात जोडून आत गेली. यार्डात ग्यासकटरची निळी जीभ पेटली. तिचा फुरफुराट काचेतून आत येत होता, आणि लोखंडातून ठिणग्यांचा फुलोरा उसळत होता, तुळशीच्या लग्नातल्या नळ्यांसारखा. एकेक तुळई तुटत होती. तुटलेला तुकडा खाली पडला की बारीकसा टण्ण आवाज व्हायचा. मी काही केलं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. मी सांगितलं नाही, एवढंच. मौनात लिहिणं हेही बोलणंच. आजवर चिठ्ठ्या लिहिल्या ती माझीच चूक, शास्त्र बघितलं तर. शिवाय, मान खाली गेली ती होकाराची होती का? आपण खाली बघितलं. माणूस खाली बघतं. टण्ण. तुळया आखूड येतील, जयगडला खांबापर्यंत पोहोचणार नाहीत, आप्पा म्हणतील हे काय खूळ आणलं, मशीन पुन्हा गवतात गुंडाळून जाईल. आणि ही पोर पुन्हा माझ्या शेजारी स्टुलावर बसून शाई भरेल. टण्ण. यात कुणाचं काय वाईट आहे? यंत्राचं? यंत्राला काय वाईट वाटतं? केरूचं नाव तिच्या मनात आलंच नाही. म्हणजे आलं, पण दारापाशी चपला काढून उभं राहिलं. भोंगा झाला. "नारायण," ती म्हणाली, आणि डबा उघडून वरीचे तांदूळ नीट चावून चावून जेवली.

तुळया जयगडला गेल्या आणि पाचव्या-सहाव्या दिवशी परत आल्या. सकाळीच ट्रक यार्डात शिरला. वरून पाऊस, चाकांखाली तांबडा चिखल. फिटर उतरल्या उतरल्या ओरडला, "आप्पा, पाहुण्या आणल्यात तुमच्या! खांबाला हातच लावत नाहीत. लाजतात." आप्पा छत्री टाकून भिजत मधोमध उभे राहिले. सगळी गोळा झाली, गुणवंतीही बाहेर आली, तिच्यामागे हिरा. नवं लोखंड येणार कुठून? घाटात दरड कोसळून रस्ता बंद. आप्पांनी कॉम्प्युटरचा कागद मागवला, टेप स्वतः धरली, आणि एक तुळई मोजली. मग दुसरी. मग त्यांचा आवाज अगदी गोड झाला, तो गोड झाला की माणसं मागे सरायची.

"केरूशेठ, यादी वाचलीत का तिच्यात फुटाणे बांधून खाल्लेत?"

"यादीपरमान कापलंय, आप्पा."

"ही यादी, ही तुळई. दोन्ही टोकांना कमी. यादी बरोबर आहे, माझ्या सायटीशी जुळतीय. तुमची कात्रीच लाडात आली."

"कमी नाय ती. तो खांबाचा वाटा. तो काढायचाच असतो."

"वाटा!" आप्पांनी चौफेर बघितलं. "खांबाला वाटा! श्राद्ध घातलंस काय रे खांबाचं? कावळा शिवला का?"

माणसं हसली. चांगली माणसं होती ती, केरूच्या हातची तंबाखू खाणारी. पण पावसात उभं राहून दुसऱ्यावर हसायला मिळालं की अंगाला ऊब येते. केरूही जरासा हसला, गंमत आपल्याला कळली आहे हे दाखवण्यापुरता. मग म्हणाला, "बायला इचारा ना. बायची यादी मधापासनं मधापर्यंत असायची. वाटा आमी काढायचो. या टायमाला पण मी तिला खिडकीतनं इचारून घेतला." आणि सगळी तोंडं एकदम तिच्याकडे वळली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. गुणवंतीला स्वतःचं तोंड जाणवलं: दात, टाळू, त्यांच्यामध्ये पडलेली जड ओली जीभ. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते. "काय हो बाई?" आप्पा म्हणाले. केरूच मध्ये पडला. "आप्पा, र्‍हाऊ दे. मौन हाय तिचा. वसा मोडू नये बायमाणसाचा. भोंगा झाला का सांगेल ती. मी कुठं जातोय?" आप्पांनी यादीचा कोरा कोपरा फाडला, पेन्सिलीसकट तिच्या हातात कोंबला. "लिहा. हो की नाही, एवढंच."

कागदावर पावसाचे थेंब पडले, फुगले. गुणवंतीनं तो कपाळाला लावून परत केला आणि हात जोडले. लिहिणंही बोलणंच, असं त्या हातांनी म्हटलं. आणि तेवढ्यात तिच्या पाठीवर कुणीतरी बघितल्यासारखं झालं. तिनं वळून पाहिलं. हिरा. रोज सकाळी तिच्या हातच्या चिठ्ठ्या वाचणारी हिरा. डाळीत मीठ घाल, छत्री ने, सगळं चिठ्ठीवर. पोरीचे ओठ किंचित उघडे होते. काहीतरी तिच्या तोंडावरून निघून गेलं आणि पुन्हा कधी आलं नाही. पण तीही बोलली नाही. ती खोलीकडे गेली, बाहेर चपला काढून, आत.

"बाईंचं मौन आणि आमचं दिवाळं, दोन्ही एकाच चातुर्मासात," आप्पा म्हणाले. "भोंग्याला थांबायला हा काय लग्नाचा मुहूर्त आहे? जा रे बाबा केरू. घरी जाऊन घाल वाटे." केरूनं पत्र्याखाली जाऊन आपली टेप घेतली, गुण्या घेतला, खडूचा तुकडा घेतला आणि तो पुन्हा जागेवर ठेवला, कारण तो कारखान्याचा होता. जाताना फाटकापाशी तो भोंग्याच्या खांबाकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग पावसानं त्याला ढकललं.

भोंगा झाला तेव्हा ती आप्पांच्या केबिनच्या दारातच होती. सगळं सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. शब्द ओळीनं लावून ठेवले होते, अगदी तिरक्या सुबक अक्षरात. आप्पा बांगड्याचा काटा काढत होते. "या. सुटलं मौन? तो म्हणतो ते खरं का?" आणि तिनं तोंड उघडायच्या आत, काटा ताटाच्या कडेला ठेवत, "तसं असेल तर इतकी वर्षं तुमचं निम्मं काम तोच करत होता म्हणायचं. मग मी तुम्हांला कशाला पोसलं हो?" हे ते चेष्टेत म्हणाले असतील. गुणवंतीला समोर जयगडपासून पावसपर्यंतचा किनारा दिसला, आणि किनाऱ्यावरची एकेक शेड तिच्याकडे पाठ फिरवत होती. "यार्डात काय चालतं ते आम्हांला आत बसून काय कळणार, आप्पा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा मऊ होता. बाहेर आल्यावर, व्हरांड्यात, तिच्या ध्यानात आलं की आज पहिला शब्द 'नारायण' राहून गेला.

केरू दोन दिवसांनी तिन्हीसांजेला मांडवीला तिच्या घरी आला. डोक्यावर गोणपाट, पायरीच्या खालीच उभा. दार हिरानं उघडलं आणि न बोलता बाजूला झाली. त्याच्या हातात लोखंडी आकडा होता आणि साखळी, घंटेसाठी. आषाढात तिनं घंटा घेतली तेव्हा त्यानं कबूल केलेला. कडा घासून घासून तुकतुकीत केल्या होत्या. "देवाची वस्तू, र्‍हाऊ नये," तो म्हणाला. घंटा आत फडताळात होती, येताजाता वाजू नये म्हणून तिच्या आत लोंबणाऱ्या लोळीला तिनंच चिंधी बांधली होती. गुणवंतीनं दिवा लावला, काडी हातातच विझली. "वर या ना, केरूभाऊ."

"नको. पाय चिखलाचं हायत." त्यानं आकडा आणि साखळी पायरीवर ठेवली. "बाय, तुज्यावर राग नाय माजा. तुजा तोंड बांधलेला व्हता. पन एक सांग. मना झोप नाय गो. त्या दिशी मी इचारला, वाटा काढू ना, तवा तू मान हलवलीस. हो म्हनून. मी बराबर बघितला ना?"

ही संध्याकाळ होती. मौन नव्हतं, भोंगा नव्हता, आप्पा नव्हते. देवापुढे नुकती लावलेली वात तडतडत होती. आत हिरा भांडी घासता घासता थांबली होती. तिचं थांबणं ऐकू येत होतं. एवढंच तर मागत होता तो. काम परत मागत नव्हता. एक हो. ते तिच्या घशाशी आलं, त्याचा आकार तिला जाणवला, लहान, गोल, गिळता येण्याजोगा.

"मी खाली बघत होते, केरूभाऊ," ती म्हणाली. "मला तुम्ही दिसलाच नाहीत."

केरूनं मान हलवली, हळूहळू, काहीतरी जुळल्यासारखी. "म्हंजे डोळंच गेलं माजं," तो म्हणाला. त्यात सुटका होती, तेच ऐकवेना. "आमच्या बापाचंबी असंच झाल्यालं. बरा झाला बाय, तू सांगितलास. नायतर मी तुज्यावरच आळ घेतला असता." त्यानं पायरी चाचपत पाऊल मागे घेतलं, येताना चाचपली नव्हती, आणि बांधाला हात लावत लावत, आंधळ्यासारखा, गल्लीतून गेला.

मशीन गेलं नाही. घाट सुटल्यावर नवं लोखंड आलं, आणि सोमवारी आप्पांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, आत आता तुमच्याजोगं काही उरलं नाही. चिपळूणचा भागोजी घेतलाय कटिंगला. पण माझा आता कुणाच्या वाचण्यावर भरोसा नाही. तुम्ही यार्डात उभं राहायचं, यादी मोठ्यानं वाचायची, तो कापेल. तुमचे आकडे स्वच्छ असतात." तिनं विचारलं, सकाळी? "कटिंग सकाळीच असतं. ते मौनबिन दिवाळीनंतर. देव काय पळून जातोय?" ती घरी गेली, देवापुढे बसली. घेतला वसा टाकायचा नाही, हे तिला आईनं शिकवलं होतं. टाकला तर काय होतं, ते कुणी शिकवलं नव्हतं. सकाळी उठून तिनं न बोलता केर काढला, न बोलता डबा भरला, आणि हिराच्या मागून, चार पावलांवरून, न बोलता कामावर गेली. दोघींत बोलणं तसंही उरलं नव्हतं. हिरानं मौन धरलं नव्हतं, तिला त्याची गरज पडली नव्हती.

पत्र्याखाली केरूच्या जागी ती उभी राहिली. भागोजी तुळईवर वाकून बसला होता, खडू कानावर. तिच्या हातात तो भोकाभोकांचा कागद. सगळ्या लांब्या खाली ओळीत, कुणी न म्हटलेल्या, कुणी न लिहिलेल्या. पाऊस काचेवरून ओघळत होता. इथून तिनं आपली खिडकी कधी बघितली नव्हती. आतल्या दिव्यामुळे सगळं लख्ख दिसत होतं: टेबल, पेन्सिल, भिंतीवरची तसबीर, आणि आता तिथे काही कागद न्यायला आलेली हिरा. तिच्या कपाळावरची टिकली दिसत होती. तिचे डोळे कुठे बघतायत तेसुद्धा दिसत होतं.

"काय बाय, दात काढून ठेवलंत काय घरी?" भागोजी म्हणाला. "बोला की."

गुणवंतीनं तोंड उघडलं. "चार हजार सातशे बारा," ती म्हणाली. दिवसाचा पहिला शब्द. ग्राइंडरच्या घरघराटात तो कुणापर्यंत पोहोचलाच नाही.

"मोठ्यानं!"

"चार हजार सातशे बारा!"

भागोजीनं टेप ओढली, आकड्यावर खडू नेला, थांबला. "दोन्ही अंगानं काय सोडायचं असतं का? पैल्या माणसानं त्यातच माती खाल्ली म्हनं."

तिनं खिडकीकडे पाहिलं. तिचा हात आपला आपण वर गेला होता, बोटांची चिमूट झालेली. ती हवेत डावीकडे सरकली, मग उजवीकडे. काचेआडून हिरानं ते पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि तिची मान खाली गेली.